उतरता येत होतं का

साडेआठला प्रेरणा बाहेरून जाळीचं दार ओढायची, कुलूप लावायची आणि एकदा हिसका देऊन बघायची. तो हिसका सुवार्ताच्या पाठीत जायचा. मग जिन्यावरून चपला खाली उतरल्याचा आवाज, स्कूटी सुरू झाल्याचा आवाज, आणि त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत काही नाही. गारखेड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दोनच माणसं उरायची. पलंगावर नानासाहेब शेजूळ, आणि त्यांना सांभाळायला ठेवलेली सुवार्ता त्रिभुवन.

कुलपाचं कारण पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. आधीची बाई नानांना एकटं टाकून खाली गप्पा मारत बसायची. एकदा त्यांच्या घशात घास अडकला आणि घरात कोणी नव्हतं. "तुमच्यावर अविश्वास नाही ताई," प्रेरणा म्हणाली होती, "पण आम्ही दोघंही नोकरीवर. कुलूप असलं की माझं डोकं शांत राहतं."

नानांची ही सून स्वभावानं वाईट नव्हती. सुवार्तानं मान हलवली. मान हलवण्यावाचून इलाजही नव्हता. आधीच्या घरातली म्हातारी तिच्या कामाच्या पाळीत वारली होती. वय झालं होतं, गेली. पण घरच्यांनी सुवार्ताला कामावर पाठवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात येऊन नाही नाही ते बोलून घेतलं. संस्थेच्या बाईंनी सुवार्ताला बजावलं, हे घर नीट सांभाळ, इथून तक्रार आली तर पुढचं काम विसर. छावणी भागातल्या दोन खोल्यांत गुडघ्यांच्या दुखण्यानं जागेवर बसलेली आई होती, तिला दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा सुवार्ता मुकाट्यानं कुलपाच्या आत राहिली.

नानासाहेब मूळचे पिशोरचे. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेली. कन्नड, वैजापूर, सिल्लोड, सगळीकडची शेतं त्यांनी साखळी टाकून मोजली होती. भावाभावांच्या बांधावर उभं राहून, दोन्हीकडच्या शिव्या खात, हद्दीचे दगड रोवले होते. आता पक्षाघाताच्या दोन झटक्यांनंतर मानेखालचं शरीर त्यांचं राहिलं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. बोलणं जड, शब्द ओढून आणावे लागत, पण डोकं लख्ख होतं. साधं पाणी दिलं की ठसका लागून जीव घाबरा व्हायचा, म्हणून पावडर घालून खिरीसारखं दाट केलेलं पाणी चमच्याचमच्यानं द्यावं लागे. इस्पितळात चाळीस दिवस त्यांच्या नाकात नळी होती. ती काढली त्या दिवशी त्यांनी मुलाला, विश्वजीतला, एकच वाक्य सांगितलं होतं. पुन्हा नळी नाय.

पहिले दोन महिने दोघं फारसं बोलले नाहीत. तिनं कूस बदलावी, पाठ पुसावी, भरवावं. त्यांनी छताकडं बघावं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती डबा उघडून क्षणभर डोळे मिटून बसली, तेव्हा पलंगावरून आवाज आला.

"कुणाशी बोलता, बाई?"

"प्रभूशी, नाना. जेवणाआधी आभार मानते."

"कोण प्रभू?"

"येशू ख्रिस्त."

"नाव म्हाईत हाय. हाय कोण तो?"

सुवार्ताला हसू आलं. अकरा वर्षं ती छावणीच्या चर्चमध्ये, मंडळीत, रविवारी लहान मुलांना हेच शिकवत होती. मुलं एका सुरात म्हणत तसंच तिनं म्हणून दाखवलं. देवाचा एकुलता एक पुत्र, जगाचा तारणारा, खरा देव आणि खरा माणूस.

नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हा सातबारा झाला. सातबाऱ्यावर कुणाचंबी नाव असतं, बाई. कागद नका दाखवू. शेत दाखवा."

तिनं डबा तसाच झाकून ठेवला. बिछान्यावर पडलेल्या माणसानं आपल्याला चोरी करताना पकडावं तसं तिला वाटलं, आणि चोरलं काय तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं काळ्या पुठ्ठ्याचं छोटं शास्त्र, म्हणजे बायबल, पिशवीत घालून आणलं. दुपारी वाचायला सुरुवात केली. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी ते उशीजवळ विसरलं आणि प्रेरणाच्या हाती लागलं.

प्रेरणानं ते नवऱ्याकडं दिलं. विश्वजीत बोलला. संकोचानं, जमिनीकडं बघत. "ताई, गैरसमज नको. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. पण बाबांची अवस्था बघता ना तुम्ही. कोणी काहीही सांगितलं तरी त्यांना ऐकावंच लागतं. उठून जाता येत नाही."

आतून नानांचा आवाज आला. "म्याच इचारलं." पण तो इतका क्षीण होता की विश्वजीतला ऐकू गेला नाही, आणि सुवार्तानं तो त्याला सांगितला नाही. तिला बोचणी लागली होती ती वेगळीच. उठून जाता येत नाही, हे खरं होतं. आपण अडकलेल्या माणसाला गाठलं की काय?

पुस्तक घरी राहिलं. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी कुलपाचा हिसका ऐकू आल्याबरोबर नाना म्हणाले, "तोंडी सांगा. तोंडाला अजून कुलूप नाय."

"नको नाना. साहेब म्हणाले ते बरोबर आहे. तुम्हाला नको झालं तरी तुम्ही जाणार कुठं?"

नानांनी विचार केला. "मी डोळे मिटलं की थांबायचं. मग तर झालं?"

असं ठरलं. आणि सुवार्ताची पंचाईत सुरू झाली. पुस्तक समोर असताना वाचत सुटायचं असतं, बघावं लागत नाही. तोंडी सांगायचं तर आधी स्वतःला दिसावं लागतं. नाना साक्षीदाराला विचारावं तसं विचारत. किती वाजले होते? कोण कोण होतं तिथं? तुम्हाला कुणी सांगितलं? ती घरी जाऊन, आईला जेवू घालून, उद्याचा भाग वाचायला बसे. वाचताना बोट एकेका शब्दावर ठेवी. आईच्या खोलीत कॅलेंडरवरचा येशू होता, सोनेरी केसांचा, काखेत कोकरू घेतलेला. लहानपणापासून तिनं त्यालाच बघितलं होतं. आता वाचताना तो चेहरा तिच्या कामाला येईना.

"वादळात तो होडीत झोपला होता," तिनं सांगितलं. "मागच्या बाजूला. उशीवर डोकं ठेवून."

"उशी कुणाची?"

"होडीवाल्याची असेल. दिवसभर लोकांशी बोलून दमला होता."

"म्हंजी दमतो."

"दमतो, नाना."

"मंग?"

"लोकांनी उठवलं. आम्ही बुडतोय आणि तुला काहीच नाही म्हणाले. तो उठला आणि वाऱ्याला म्हणाला, गप. वारा पडला."

नानांची दोन बोटं चादरीवर हलली. "हे बोललं कोण? झोपलेला का उठलेला?"

"तो एकच आहे."

"एकच कसा? झोपतो तो माणूस. वाऱ्याला गप करतो तो देव. मदी हद्द कुठंतरी असंलच ना. माणूस कुठवर, देव कुठून? खूण दाखवा."

ती खूण तिच्यापाशी नव्हती. एकदा तिनं गर्दीतल्या बाईचं सांगितलं. बारा वर्षांच्या दुखण्यानं गांजलेली ती, मागून येऊन त्याच्या कपड्याच्या काठाला शिवली आणि बरी झाली. आणि तो वळून विचारू लागला, मला कोण शिवलं? नानांनी लगेच धरलं. "त्याला ठावं नव्हतं?" सुवार्ता थांबली. ही गोष्ट तिनं मुलांना वीस वेळा सांगितली असेल. पण तो गर्दीत वळून, एकेका चेहऱ्याकडं बघत विचारतोय, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. "ठाऊक नसावं," ती हळूच म्हणाली. आपण काही भलतं तर बोललो नाही ना, म्हणून संध्याकाळी शेअर रिक्षात तिला घाम फुटला.

असे दोन महिने गेले. मेच्या पहिल्या आठवड्यात ते वधस्तंभापाशी पोहोचले. बाहेर ऊन असं की गॅलरीच्या लोखंडी जाळीला हात लावता येत नव्हता. नळाला आठ दिवसांनी एकदा पाणी यायचं, पिंपाच्या तळाशी गेलेलं पाणी ती जपून वापरत होती. तिनं सांगितलं की त्याला खिळलं, आणि खालून जाणारे लोक मान हलवून म्हणत होते, देवाचा पुत्र असशील तर ये खाली.

नानांनी तिच्याकडं बघितलं. इतकं सरळ त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"उतरता येत होतं का त्याला?"

"मी विचारून सांगते," ती म्हणाली.

रविवारी उपासना झाल्यावर तिनं चर्चच्या आढाव पाळकांना गाठलं. पाळक जाणते होते, घाईत असले तरी थांबले. "येत होतं ना. सर्वशक्तिमान तो. उतरता येत असून उतरला नाही, हीच त्याची प्रीती." सुवार्ताला ते पटलं. सोमवारी तिनं तसंच नानांना सांगितलं.

नानांची नजर छताकडं गेली. "मंग तो माझ्यातला नाय," ते म्हणाले. "ज्याला उठता येतं आणि तरी पडून ऱ्हातो, त्याला आजारी म्हणत नाय, बाई. मला उठता येत नाय. त्याचं सोंग झालं."

"आणि येतच नव्हतं म्हटलं तर?"

"तर देव कशाचा."

त्यांनी डोळे मिटले. ठरल्याप्रमाणे ती थांबली. त्यानंतर आठ दिवस त्यांनी काही विचारलं नाही. ती कूस बदलायची, पुसायची, भरवायची. कुलपाच्या आत पुन्हा पहिल्यासारखं झालं, फक्त आता गप्प राहणं जड झालं होतं. नानांचा प्रश्न आता तिचाही झाला होता. प्रार्थनेला डोळे मिटले की तिला लोक मान हलवताना दिसत, आणि वर बघायचं धाडस होत नसे.

नवव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला वीज गेली. पंखा थांबला. थोड्या वेळानं तिला जळक्या रबराचा वास आला. जाळीच्या दाराशी जाऊन बघते तर जिन्यातून काळा धूर वर येत होता. खालच्या मीटरच्या पेटीनं पेट घेतला होता. समोरच्या घरातल्या आवडाबाई पदर नाकाला लावून दारात उभ्या होत्या.

"खाली चल गं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर कुलपावर गेली. "किल्ली?"

"प्रेरणाताईंकडं."

आवडाबाईंनी कुलूप दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मग खोकत खोकत भिंत धरून त्या खाली गेल्या, माणसं आणते म्हणून. सुवार्तानं आतलं लाकडी दार लावलं, दोन चादरी भिजवून फटीत कोंबल्या. पिंपातलं पाणी संपलं. तिनं प्रेरणाला फोन केला, विश्वजीतला केला. प्रेरणा निघाली होती, पण तिच्या नोकरीचं कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. धूर चादरींतूनही आत येत होता.

गॅलरीखालून हाका आल्या. शेजारच्या इमारतीचं रंगकाम चालू होतं. रंगाऱ्यांनी त्यांची बांबूची लांब शिडी आणून गॅलरीला टेकवली होती. जाळीला एका बाजूला छोटं झडपेसारखं दार होतं, एक माणूस कसाबसा निघेल एवढं. त्याची कडी गंजली होती. सुवार्तानं खलबत्त्यातला बत्ता आणून चार घाव घातले, तेव्हा ती सरकली.

"या ताई, पाय टाका," शिडीवर निम्म्यात आलेला रंगारी म्हणाला. "मी धरतो."

"आत पेशंट आहे."

"चालतो का?"

"नाही."

तो क्षणभर थांबला. "मग तुम्ही तरी या. अग्निशमनवाले येतच असतील."

सुवार्तानं झडपेतून खाली बघितलं. रस्ता, माणसं, आवडाबाई, सगळं जवळ होतं. बारा-चौदा पायऱ्या. मग ती आत गेली. नाना खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जावा," ते म्हणाले. "जावा म्हणतो ना." तिनं ओल्या टॉवेलनं त्यांचं तोंड झाकलं, पलंगाची चाकं मोकळी केली, पलंग ओढत गॅलरीच्या दाराशी नेला आणि उघड्या झडपेकडं तोंड करून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रंगारी शिडीवरून दोनदा ओरडला. तिनं मान हलवली. तिला भीती वाटत होती आणि प्रार्थनेचा एक शब्द आठवत नव्हता.

वीसेक मिनिटांनी खालच्या लोकांनी वाळू टाकून आग विझवली. धूर हळूहळू पातळ झाला. प्रेरणा आली तेव्हा तिला किल्ली कुलपात घालता येईना, कुलूप आवडाबाईंनी उघडलं. ती आत आली, सासऱ्यांकडं बघितलं, सुवार्ताकडं बघितलं आणि जमिनीवर बसून रडायला लागली. "मी मारलं असतं तुम्हा दोघांना," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सुवार्तानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्यावर रागवायला तिला जमलं नाही.

दुसऱ्या सकाळी कुलूप लागलं नाही. जाळीचं दार नुसतं लोटलेलं होतं. जिन्यातली माणसं येता-जाता दिसत होती. सुवार्ताला वाटलं होतं, आता श्वास मोकळा होईल. पण ती दाराकडं बघे आणि मग पलंगाकडं, आणि होती तिथंच राही. कुलूप गेलं तरी काही सुटलं नव्हतं.

दुपारी नानांनी तो विषय पुन्हा काढला. नऊ दिवसांनी.

"काल तुम्हाला उतरता येत होतं."

"हो."

"मंग?"

"येत नव्हतं, नाना," ती म्हणाली.

बोलून गेली आणि आपलंच बोलणं तिच्या कानांवर पडलं. शिडी होती, झडप उघडी होती, खाली धरायला माणूस होता. सोंग नव्हतं ते. आणि तरी तिला उतरता येत नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. ती तोंडावर हात ठेवून बसून राहिली. नानांचे डोळे उघडे होते.

संध्याकाळी त्यांनी तोंड मिटलं.

आधी तिला वाटलं, भूक नसेल. सकाळी पुन्हा चमचा ओठांना लावला, ओठ हलले नाहीत. पाणीही नाही. विश्वजीतनं समजावलं, मग चिडला, मग बापाच्या पायाशी डोकं ठेवलं. प्रेरणानं आमरस आणला, खास दाट केलेला. ओठ मिटलेलेच. डॉक्टर येऊन गेले. या उन्हात उद्या संध्याकाळपर्यंत बघू, म्हणाले, नाहीतर नळी घालावी लागेल. नळी शब्दाला नानांच्या पापण्या थरथरल्या, तरी तोंड उघडलं नाही. शरीरातली तेवढी एकच गोष्ट त्यांच्या ताब्यात होती आणि ती त्यांनी बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दोघंच असताना त्यांनी बोलण्यापुरते ओठ उघडले. जीभ कोरडी पडली होती, शब्द खरवडून निघत होते.

"दार उघडं हाय. आता जावा तुम्ही. दुसरं काम बघा. मी बी निघतो. माझ्यापायी तुम्ही जळाला असता."

"नाना, असं करू नका."

"त्यानं बी तेच केलं ना? कुणी जीव घेतला नाय त्याचा, आपण होऊन दिला. तुम्हीच सांगितलं. दुसऱ्याच्या सुटकेपायी." त्यांनी दम घेतला. "हे मला कळलं. हे बरोबर हाय."

सुवार्ता उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. तीन महिने ती सांगत होती आणि तिच्याच सांगण्याची त्यांनी दोरी वळली होती. विश्वजीत म्हणाला होता ते खरं ठरलं. बोलावं तर फास, गप्प बसावं तर नळी. पाळकांना फोन करावा असं मनात आलं, पण ते काय म्हणतील तेही तिला ठाऊक होतं. मग तिनं नानांनीच लावलेल्या सवयीनं त्याला खिळलं तो शुक्रवार पहिल्यापासून डोळ्यांपुढं आणायला सुरुवात केली. कोण उभं होतं. किती वाजले होते. ऊन होतं का. आधी काय झालं, नंतर काय झालं. आणि एका ठिकाणी ती थांबली. तिथून ती दरवेळी भरभर पुढं गेली होती.

ती बाहेर येऊन पलंगाशी बसली.

"नाना, एक सांगायचं राहिलं होतं. मी ते गाळलं. मुद्दाम नाही, माझं लक्षच गेलं नव्हतं."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. तिनं ती परवानगी समजली.

"मरायच्या आधी त्यानं पाणी मागितलं. तहान लागली म्हणाला."

नानांनी डोळे तिच्याकडं वळवले.

"कुणाला म्हणाला?"

"खाली होते त्यांना. खिळे मारणारे शिपाईच होते जवळ."

"त्यांना मागितलं?"

"त्यांनाच. हात खिळलेले. स्वतः घेता येत नव्हतं. कोणीतरी बोळा भिजवला, काठीला लावला आणि त्याच्या तोंडाशी धरला. साधं पाणीही नव्हतं, आंबलेला द्राक्षाचा रस होता."

"घेतला?"

"घेतला, नाना."

खाली कुणीतरी टँकरवाल्याशी हुज्जत घालत होतं.

"जीव द्यायाच निघाला होता," नाना म्हणाले, "तर पाणी कशाला मागितलं?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. जीव देऊन टाकला त्यानं, ते खरं आहे. पण तोंड मिटून नाही दिला. शेवटपर्यंत मागत होता."

"मागितलं ते देवानं का माणसानं?"

सुवार्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. "तहान माणसाची होती. आणि मागणारा देव होता. मला त्यात हद्द घालता येत नाही, नाना. मी बघितलं. नाही सापडत."

नानांची दोन बोटं हलली आणि थांबली. तिनं चमचा उचलला नाही. वाटी तशीच स्टुलावर होती. आपण हे त्यांना पाजण्यासाठी सांगितलं असं होऊ नये, एवढंच तिला वाटत होतं. त्यांनी आता डोळे मिटले असते तर ती गप्प बसली असती आणि संध्याकाळी नळी आली असती.

"तो बोळा धरणारा," नाना म्हणाले, "नाव काय त्याचं?"

"नाव लिहिलेलं नाही."

"लिहाया पायजे होतं."

मग त्यांनी तोंड उघडलं. फार नाही, चमचा जाईल एवढंच. तिनं दाट पाणी जिभेवर ठेवलं. गिळायला त्यांना वेळ लागला, गळ्याची शीर ताणली गेली, ठसका येतो की काय असं वाटलं आणि आला नाही. दुसरा चमचा. तिसरा. अर्धी वाटी संपायला पाऊण तास लागला. तिचा हात भरून आला होता, पण तिनं तो बदलला नाही.

विश्वजीत संध्याकाळी आला तो दारातूनच विचारत आला. वाटी बघून तो तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला. नळी टळली. कसं झालं ते त्यानं विचारलं नाही, सुवार्तानंही सांगितलं नाही.

नाना त्यानंतर अडीच महिने होते. बरे झाले असं नाही. पाठीला जखम झाली, आवाज आणखी खोल गेला. पुस्तक त्या घरात पुन्हा आलं नाही, पण प्रेरणा एकदोनदा लवकर घरी आली आणि आतलं बोलणं कानावर पडूनही चहा टाकायला निघून गेली. आवडाबाई उघड्या दारातून येऊन बसू लागल्या. दुपारी सुवार्ताला पाय मोकळे करायला त्या बळंच खाली पाठवत. ती कोपऱ्यापर्यंत जाई आणि दहा मिनिटांत परत येई. नानांना हे सगळं पटलं होतं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ती एवढंच बघत होती की आता तिनं सांगायला सुरुवात केली की ते छताकडं बघत नसत.

जूनमधल्या एका दुपारी त्यांनी विचारलं, "मेल्यावर पुढं?"

"खाली काढलं. कापडात गुंडाळलं. खडकात खोदलेल्या कबरीत ठेवलं. तोंडावर मोठा धोंडा लोटला, त्यावर शिक्का मारला आणि पहारा बसवला."

"म्हंजी मेल्यावर बी कोंडला."

"हो. तो शनिवार होता. आणि मग रविवारी पहाटे—"

"थांबा," नाना म्हणाले.

ती थांबली. डोळे तर त्यांनी मिटले नव्हते.

"लगेच बाहेर काढू नका त्याला," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या थोडं. मी बी हाय हितं."

सुवार्तानं ओठांवर आलेलं मागं घेतलं. शुक्रवारच्या मरणावरून रविवारच्या पुनरुत्थानावर ती आजवर एका श्वासात जात आली होती. शनिवारी कधी थांबली नव्हती. तिनं खुर्ची पलंगाला आणखी चिकटवली आणि त्यांच्या दोन हलणाऱ्या बोटांखाली आपला हात ठेवला. जाळीचं दार वाऱ्यानं पुढंमागं होत होतं. ती उठून लावायला गेली नाही. बराच वेळ दोघं तसेच राहिले.